आग्नेय कोपऱ्यातली सळई

मी एक जुनी सळई आहे. खिडकीच्या गजात बसून रस्ता बघणारी नव्हे हं, त्यांची चैन वेगळी. मी खांबाच्या पोटातली. बंगळूरला चामराजपेटेत हणमंतरावांचं बैठं घर आहे. त्या घराच्या आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे स्वयंपाकघराच्या खांबात, मी चोवीस वर्षं उभी आहे. मित्रांनो, बाईंनी तुम्हाला अर्धा तास वर्गाबाहेर उभं केलं तर तुमचं तोंड केवढं होतं ते मला माहीत आहे. मला बसता येत नाही, वाकता येत नाही, कूस बदलता येत नाही. बोलताही येत नाही, आणि सगळ्यात जास्त जाच त्याचाच झाला.

जन्म माझा भट्टीतला. लालबुंद असताना मला लांब ओढलं, आणि थंड झाल्यावर दोन्ही टोकं धरून चांगलं पिळलं. त्या पिळामुळं अंगात जोर येतो. यशवंतपूरच्या गोदामात महिनाभर पडून राहिले, मग एक दिवस लॉरीतून चामराजपेटेत आले. साल त्र्याहत्तर. मल्लाप्पा मेस्त्रींनी मला आणि माझ्या तीन बहिणींना उभं केलं, कड्या घातल्या, तारेनं आवळलं आणि वरून खडी, वाळू, सिमेंटचा गिलगिलीत माल ओतला. दुसऱ्या दिवशी तो घट्ट झाला. संपलं. बाहेरचं जग बाहेर आणि मी आत.

पण सगळी आत नाही. माझं दोन हात टोक मल्लाप्पांनी गच्चीच्या वर मोकळं सोडलं. पुढंमागं वर मजला चढवायचा झाला तर नव्या सळया कुठं बांधणार? म्हणून अशी टोकं सोडतात. बंगळुरात घरोघरी दिसतील तुम्हाला. ज्याच्या गच्चीवर सळया, त्याच्या मनात मजला! हणमंतराव तेव्हा तिशीचे, शिवाजीनगरात त्यांचं वर्दी शिवायचं दुकान. कडेवर वर्षाचा विराज. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवून मेस्त्रींना सांगितलं, ह्याच्या लग्नाला इथं मजला उभा असणार. मल्लाप्पा म्हणाले, बरं आहे, पण तोवर टोकांना सिमेंटचं पातळ पाणी फासा आणि वरून झाका, लोखंड आहे ते. हणमंतराव "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाले. म्हणाले आणि विसरले.

खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं आतला तुरुंग मला फारसा टोचला नाही. सिमेंटचा माल कडक सासूसारखा असतो. हलू देत नाही, पण बाहेरचा वाराही लागू देत नाही. त्याच्या मिठीत लोखंडाच्या अंगावर एक पातळ कवच धरतं, आणि ते आहे तोवर गंजाची बिशाद नसते. वरचं टोक पावसानं तांबडं पडलं खरं, पण त्याला ऊन, पतंग, कावळे, शेजारणींच्या गप्पा असं सगळं मिळत होतं. मी टोकानं जगत होते म्हणा ना.

आणि गच्चीवर मथुराक्का होती. हणमंतरावांची बायको. भारी कष्टाची बाई. दुकानाच्या मिळकतीत भागेना, तेव्हा तिनं ताकातल्या मिरच्या करायला घेतल्या. मिरच्यांना चीर द्यायची, रात्रभर आंबट ताकात भरपूर मीठ घालून बुडवायच्या, दिवसा उन्हात वाळवायच्या, संध्याकाळी पुन्हा ताकात. असं चार-पाच दिवस. तळलेली एक मिरची दहीभाताशेजारी पडली की माणूस दुसरं काही मागत नाही, असं म्हणतात. मला काय, मी वासावर! शिवाजीनगरातली दुकानं तिच्या मिरच्या हातोहात उचलायची. विराजची शाळा, वह्या, कॉलेज, सगळं त्या मिरच्यांवर झालं. ऊन आमच्याच कोपऱ्यात जास्त, म्हणून चटई माझ्याच पायाशी पसरलेली असायची. माझ्या टोकाला दोरी बांधायची, फडकी वाळत घालायची आणि शेजारणींना सांगायची, हा खांब म्हणजे माझा धाकटा भाऊ. मला ते फार आवडायचं. सळई बाईमाणूस असते हे तिला कोण सांगणार?

आता खरी गोष्ट ऐका. शेवटी हंड्यात खारट ताक उरायचं. ते टाकायचं कुठं? मोरीत ओतलं तर पायाखाली येणार. आणि मीठ पायदळी येऊ द्यायचं नाही, मीठ म्हणजे लक्ष्मी, ही त्या घराची रीत. म्हणून मथुराक्का ते जिथं कुणाचं पाऊल पडत नाही तिथं ओतायची. म्हणजे माझ्या टोकाच्या बुडाशी, चार सळयांच्या मधल्या बेचक्यात. ओतून झालं की बोटं कपाळाला लावायची. एक उन्हाळा नाही, दोन उन्हाळे नाहीत, बावीस उन्हाळे.

मीठ फार शांतपणे येतं, मित्रांनो. टोकाच्या कडेनं, बारीक भेगेतून, थेंबाथेंबानं ते खाली उतरलं. पाचव्या-सहाव्या वर्षी माझ्या कवचाला पहिलं भोक पडलं. मग मी गंजू लागले. गंज हा लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. माझं अंग आतून झिजत होतं आणि वरून फुगत होतं, आणि फुगायला जागा तर तसूभरही नाही. चहूबाजूंनी दाबलेलं असताना फुगायचं म्हणजे काय यातना असतात, ते मी कुणाला सांगणार? शेवटी मी खांबालाच तडा दिला. मला तसं करायचं नव्हतं हो. पण करणार काय?

खाली स्वयंपाकघरात खांबावर तपकिरी ओघळ उमटला. हणमंतरावांनी दसऱ्याला त्याच्यावर चुना मारला. पुढच्या वर्षी ओघळ पुन्हा आला, पुन्हा चुना. असं आठ दसरे चाललं.

विराजचं लग्न चौऱ्याण्णवला झालं. यशवंतपूरच्या एका कारखान्यात तो कामाला होता. बायको रक्षिता, गुणी मुलगी. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत नवरा-बायको, दुसऱ्या खोलीत शिवणाचे गठ्ठे, आणि म्हातारा-म्हातारी स्वयंपाकघरात अंथरूण टाकायची. रक्षिताला पहाटे पाणी प्यायचं झालं तरी सासऱ्यांना ओलांडून जावं लागे, म्हणून ती तहानलेली पडून राही. कुणी कुणाला बोलत नव्हतं, पण भांडी जरा जोरात आपटू लागली होती. मी चारी बाजूंनी अडकलेली होतेच, आता घरातली माणसंही अडकली. रक्षिताला दिवस गेले तेव्हा विराजनं स्पष्टच सांगितलं. पाडव्याला मजल्याचं काम सुरू झालं नाही तर आम्ही यशवंतपुराला भाड्यानं खोली घेऊ. मथुराक्काच्या तोंडचं पाणी पळालं. एकुलता एक मुलगा आणि यायचं असलेलं नातवंड घराबाहेर जाणार, याहून वाईट तिच्या लेखी काही नव्हतं.

सुधींद्र नावाचा कंत्राटदार येऊन गच्ची बघून गेला. गंजलेली टोकं कापू, नव्या सळया जोडू, भेगा बुजवू, महिन्याभरात मजला तयार, असं म्हणाला. मी आतल्या आत थरथरले. अरे, टोकाचं काय घेऊन बसलास, खाली बघ ना! माझ्या डोक्यावर तीन खोल्या चढवणार आणि त्यांच्याखाली म्हातारा-म्हातारी झोपणार. पण माझा आवाज कुणाला जाणार?

गेला असता तो मजला वर, पण मध्ये रत्नाकर आला. मागच्या गल्लीत राहायचा, मूळचा पुण्याचा, सरकारी संशोधन संस्थेत होता. पूल, टाक्या अशा जुन्या बांधकामांतलं लोखंड किती गंजलंय आणि ते अजून किती वर्षं टिकेल, हे मोजणं हेच त्याचं काम. त्याची बायको प्रमोदिनी मथुराक्काकडून मिरच्या न्यायची. त्या ओळखीवर हणमंतराव त्याला म्हणाले, "सर, काम सुरू करायच्या आधी स्वल्प बघून द्या. तुम्ही चालेल म्हणालात की झालं."

रविवारी सकाळी रत्नाकर पेटी घेऊन गच्चीवर आला. पेटीतून त्यानं एक नळी काढली. नळीत मोरचुदाचं निळं पाणी, त्यात बुडालेली तांब्याची कांडी, टोकाला ओला स्पंज. एक तार नळीपासून मीटरला, मीटरपासून दुसरी तार मोकळी. एरवी ही दुसरी तार लोखंडाला जोडायला खांब फोडावा लागतो. इथं मी आयतीच डोकं काढून उभी! त्यानं पॉलिश पेपरनं माझं टोक घासून लखलखीत केलं, चिमटा लावला आणि स्पंज खांबाला टेकवला.

काय सांगू तुम्हाला? तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं, बाई, कशी आहेस? आणि माझं उत्तर मीटरवर आकडा होऊन उमटत होतं. आम्ही सगळ्या सळया तारेनं एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळं माझ्या टोकाला चिमटा लावून तो सगळ्या खांबांचं विचारू शकत होता. उरलेल्या पाच खांबांवर आकडे आले उणे शंभर, उणे एकशे तीस. हे बरं लक्षण. साडेतीनशेच्या पलीकडं आकडा गेला की बहुतेक गंज लागलाच समजायचं, असं तो विराजला सांगत होता. मग माझा खांब आला. उणे तीनशे नव्वद. उणे चारशे वीस. माझ्या टोकाच्या बुडाशी, जिथं ताक पडायचं तिथं, उणे चारशे ऐंशी. रत्नाकरनं स्पंज पुन्हा ओला केला, पुन्हा टेकवला. आकडा तोच.

मी खोटं बोलू शकत नव्हते. बोलता आलं असतं तरी काय बोलले असते, देव जाणे. खरं सांगितलं तर मजला जातो आणि त्याच्याबरोबर मुलगा जातो. खोटं सांगितलं तर घरच डोक्यावर येतं. इकडे आड, तिकडे विहीर.

रत्नाकर घाई करणारा माणूस नव्हता. हा आकडा नुसती शक्यता सांगतो, म्हणाला. त्यानं खांबाला छोटं भोक पाडून भुकटी डबीत घेतली, स्वयंपाकघरात वीतभर सिमेंट फोडून मला उघडं पाडलं, ब्रशनं साफ केलं आणि मापलं. मूळची सोळा मिलिमीटरची मी, तिथं जेमतेम अकरा भरले. लाज वाटली हो मला. पुढच्या रविवारी तो परत आला तेव्हा घरचे सगळे गच्चीवर जमले होते, सुधींद्रसुद्धा. रत्नाकरनं सरळ सांगितलं, इतक्या वर्षांत इतकं झिजलं, याच गतीनं गेलं तर आहे हे घरसुद्धा हा खांब सात-आठ वर्षांपलीकडं पेलणार नाही. मजला चढवलात तर एक पावसाळासुद्धा मी खात्रीनं सांगणार नाही. खांब वेळेत दुरुस्त करा, घर वाचेल. वर मजला नको.

हणमंतरावांचा चेहरा उतरला. आकडा थोडा इकडंतिकडं होत नाही का, असं त्यांनी विचारून पाहिलं. रत्नाकर म्हणाला, "काका, माझं नाव जाईल ते सोडा. खाली झोपणार तुम्ही आहात."

मग विराजनं विचारलं, हाच खांब का? डबीतल्या भुकटीत मीठ निघालं होतं, हे रत्नाकरला ठाऊक होतं. मिरच्यांची चटई समोरच पसरलेली होती. त्यानं एकदा मथुराक्काकडं पाहिलं आणि म्हणाला, पावसाचं पाणी मुरलं असेल. भला माणूस. पण मथुराक्का काही भोळी नव्हती. पाऊस सगळ्याच खांबांवर पडतो, म्हणाली. ती खाली बसली, माझ्या टोकाच्या बुडाशी भेगेत धरलेला पांढरा थर तिनं नखानं खरवडला आणि जिभेला लावला. बावीस वर्षं मिठाचा अंदाज जिभेवर घेणारी बाई. तिला रत्नाकरची डबी लागली नाही.

"खारट आहे," ती म्हणाली. "मीच ओतत होते."

मग विराज बोलला आणि बोलू नये ते बोलला. "म्हणजे माझा मजला तुझ्या मिरच्यांनी खाल्ला, आई."

त्याच मिरच्यांवर तू शिकलास रे गाढवा, असं मला ओरडावंसं वाटलं. आणि त्याहून मोठी गोष्ट मला ठाऊक होती. पहिल्या उन्हाळ्यात मथुराक्का ते ताक मोरीतच ओतायला निघाली होती. तेव्हा तिची सासू जिना चढून आली होती. मीठ पायी तुडवून घराला दरिद्र आणणार का, म्हणून तिनं सुनेला फैलावर घेतलं आणि हा कोपरा बोटानं दाखवला होता. आणि हणमंतराव तेव्हा तिथंच उभे होते, दोरीवरची वर्दी काढत. आई म्हणते तसं कर, असं तेच म्हणाले होते. मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं. मी बोलू शकत नव्हते. ते बोलले नाहीत. मान खाली घालून उभे राहिले. मथुराक्कानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि चटई गुंडाळायला घेतली. मेलेल्या सासूवर आळ घ्यायचा नाही, आणि नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही. त्या दिवशी मला कळलं, अडकायला काही सिमेंटच लागतं असं नाही.

पाडव्याला काम सुरू झालं, पण वेगळंच. नीलगिरीच्या बल्ल्या लावून गच्ची तोलून धरली आणि माझा खांब वरपासून खालपर्यंत सोलला. माझा गंज तारेच्या ब्रशनं घासून काढला, रंगाचा लेप दिला, चहूकडून नव्या सळया उभ्या केल्या. धट्ट्याकट्ट्या पोरी, पण अदबीनं वागल्या. मग गच्चीवरचं माझं टोक करवतीनं कापलं. इतरांचीही कापली. आता मजला येणारच नव्हता, टोकं कशाला हवीत? त्या दिवसापासून मला आभाळ नाही. नवा माल ओतला आणि मी पुरती आत गेले. रत्नाकरनं तेवढी एक तार माझ्या अंगाला जोडून स्वयंपाकघरात छोट्या डबीत बाहेर काढून ठेवली. वर्षातून एकदा येऊन विचारीन म्हणाला.

त्याच आठवड्यात विराज आणि रक्षिता यशवंतपुराला गेली. टेम्पोत सामान चढलं, विराज आईच्या पाया पडला, पण तिच्याकडं पाहिलं नाही. पुढं मुलगी झाली, अक्षरा नाव ठेवलं. बारशाला म्हातारा-म्हातारी जाऊन आली. त्यानंतर विराज महिन्यातून एकदा दुकानात जाऊन वडिलांना भेटायचा. घरी येत नव्हता. मथुराक्कानं मिरच्यांचा हंडा देऊन टाकला आणि गच्चीवर जायचं सोडलं. स्वयंपाकघरात दोघंच. पुरेशी जागा होती आता. ती तव्याशी, ते पाटावर, मध्ये मी. ती वाढायची, ते जेवायचे. घराला नुसती अवकळा आली होती.

वर्ष झालं तसा रत्नाकर आला. डबी उघडली, चिमटा लावला, निळी नळी खांबाला टेकवली. मी जीव एकवटून उत्तर दिलं.

"उणे एकशे दहा," तो म्हणाला. "काकू, गंज थांबलाय. हा खांब आता तुम्हाला-आम्हाला पुरून उरेल."

मथुराक्कानं मान हलवली. चहा दिला. तो गेल्यावर तिनं कपबश्या विसळायला घेतल्या. हणमंतराव पाटावरून उठले नव्हते. त्यांनी माझ्याकडं, म्हणजे खांबाकडं बघितलं. मग म्हणाले, "मथुरा, तो कोपरा तुला आईनं दाखवला. तसं कर म्हणून मी सांगितलं. मी तिथंच होतो."

नळ वाहत होता. तिनं तो बंद केला.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला काय सांगता? विराजला सांगा."

हणमंतरावांनी तोंडावर पाणी मारलं, धुतलेला शर्ट घातला, चपला शोधल्या. यशवंतपूरची बस कुठून सुटते ते त्यांनी तिला विचारलं. चाळीस वर्षं ह्या गावात फिरणारा माणूस, पण त्या दिवशी विसरला बघा. तिनं मार्केटच्या स्टँडवरून मिळेल म्हणून सांगितलं आणि दारापर्यंत गेली. ते गेले. ती परत आली, आणि पदर तोंडाला लावून पहिल्यांदा रडली. वर्षभर रडली नव्हती.

तिकडं ते काय बोलले, विराज काय बोलला, मला ठाऊक नाही. मला यशवंतपूर दिसत नाही, आता तर गच्चीसुद्धा दिसत नाही. ते अजून परतलेले नाहीत. मथुराक्कानं चौघांचा भात टाकलाय, आणि बाळासाठी वाटीभर मऊ वेगळा.

मित्रांनो, तुमच्या घरात खांबावर, छतावर तपकिरी ओघळ दिसला तर चुना मारून झाकू नका. आत कुणीतरी अडकलेलं असतं, त्याला वेळेत विचारा. मला तर विचारल्याशिवाय बोलताच येत नाही, आणि विचारलं तरी आकड्यात. तुम्हाला देवानं तोंड दिलंय. ठाऊक असलेलं सांगायला तेवीस वर्षं लावू नका.